शंभरीचा हार येणाऱ्या बसला घाला!

मुंबईच्या रस्त्यावर पहिली मोटारबस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी. कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून निघून ती क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला पोहोचली. १५ जुलै २०२६ ह्या दिवशी त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतात. शंभर वर्षे ही कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात लहानसहान गोष्ट नव्हे. ह्या काळात साम्राज्य गेले, स्वराज्य आले, गिरण्यांचे भोंगे बंद पडले, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. पण सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाने थांब्यावर उभे राहून बसची वाट पाहावी, हा नेम मोडला नाही. तेव्हा ह्या बसची शताब्दी थाटात साजरी झालीच पाहिजे. ती कशी साजरी व्हावी, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याविषयी आम्हाला चार शब्द स्पष्टपणे सांगावयाचे आहेत.

शताब्दी साजरी करण्याची आपली एक ठराविक रीत आहे. इमारतीवर दिव्यांची रोषणाई करावयाची, एक गुळगुळीत कागदाची स्मरणिका काढावयाची, एखादी जुनी गाडी रंगवून तिच्यासमोर फीत कापावयाची, शाल आणि श्रीफळ द्यावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी मांडव सोडून मोकळे व्हावयाचे. ह्यांतल्या एकाही गोष्टीला आमचा विरोध नाही. रोषणाई व्हावी, स्मरणिकाही निघावी. परंतु जिच्या नावाने हा समारंभ व्हावयाचा ती बस थांब्यावर आली नाही, तर ताटकळणाऱ्या उतारूला त्या रोषणाईचा काय उपयोग? उत्सवमूर्तीच गाभाऱ्यात नसताना आरती कोणाची करावयाची?

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास बसच्याही आधीचा आहे. ९ मे १८७४ रोजी येथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. मोटारबस आली तेव्हा ती प्रामुख्याने बऱ्या स्थितीतल्या लोकांचे वाहन मानली गेली होती. सामान्य माणूस ट्रामनेच जात असे. परंतु पहिल्याच वर्षी, डिसेंबरअखेरपर्यंतच्या साडेपाच महिन्यांत, सुमारे सहा लाख उतारूंनी बसचा प्रवास केला आणि पुढच्या वर्षी हा आकडा अडतीस लाखांच्या घरात गेला. १९३७ साली दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या केवळ आठ दिवस अगोदर, खाजगी कंपनीच्या हातची ही सारी व्यवस्था महापालिकेच्या ताब्यात आली. त्या वेळी २३ मार्गांवर २४२ बसगाड्या धावत होत्या. आमच्या मते ह्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस तोच. त्या दिवशी थांब्यावर उभा असलेला उतारू गाडीचा गिऱ्हाईक राहिला नाही. तो तिचा मालक झाला. शताब्दीचा विचार करताना ही मालकीची गोष्ट विसरून चालणार नाही.

शताब्दीचा मांडव कोठे घालावा असे कोणी विचारील, तर गेटवे किंवा मरीन ड्राइव्ह अशी उत्तरे तत्काळ येतील. आम्ही माझगावचे नाव सुचवितो. हे नाव ऐकून काही जण बुचकळ्यात पडतील. माझगावात समुद्र गोदीच्या भिंतीआड लपलेला, रस्ते ट्रकांनी भरलेले. तेथे उत्सवाला शोभेसे काय आहे? आहे ते असे. मुंबईची ट्राम विजेवर धावावी म्हणून १९०५ साली पहिले वीजकेंद्र उभे राहिले ते माझगावला लागून असलेल्या वाडीबंदरला. उतारूंची संख्या वाढली, ती वीज अपुरी पडू लागली, तेव्हा १९१२ मध्ये त्याहून मोठे केंद्र माझगावातच कसारा येथे उभारण्यात आले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेलेली हिंदुस्थानातली पहिली विजेची आगगाडी ह्याच माझगावच्या अंगावरून गेली. शहराला चालविणारी शक्ती माझगावने पुरविली आणि शोभा मात्र इतरांच्या वाट्याला गेली.

आणि एक गोष्ट तर आजच्या तरुण वाचकांना खरीदेखील वाटणार नाही. विजेवर चालणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या बसगाड्या अलीकडच्या काळात मुंबईत आल्या, तेव्हा नवे युग अवतरल्याचा गाजावाजा झाला. परंतु माझगावने विजेची बस ११ जून १९६२ रोजीच पाहिली होती! गवालिया टँक ते माझगाव गोदी ह्या मार्गावर डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी ट्रॉलीबस त्या दिवशी सुरू झाली. २४ मार्च १९७१ रोजी, यंत्रे जुनी झाल्याचे कारण देऊन, ती बंद करण्यात आली. नऊ वर्षेही पुरी भरली नाहीत. जुन्या यंत्रांच्या जागी नवी यंत्रे आणता आली असती. पण आणली गेली नाहीत, आणि जी गोष्ट आपल्यापाशी होती तीच अर्ध्या शतकानंतर आपण नवलाईची म्हणून पुन्हा विकत घेतली. सार्वजनिक वाहतुकीत दूरदृष्टी नसली म्हणजे काय होते, ह्याचा धडा माझगावच्या रस्त्यावर असा गिरवून ठेवलेला आहे.

निरोप देणे हे मात्र आपल्या शहराला फार उत्तम साधते. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला पाहावयास रस्त्याच्या दुतर्फा माणसे लोटली होती. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या धाटणीची शेवटची दुमजली बस रस्त्यावरून गेली, तेव्हाही तिला फुलांच्या माळा चढविल्या गेल्या, छायाचित्रे निघाली, अनेकांचे डोळे पाणावले. ह्या प्रेमाबद्दल आम्हाला आदर आहे. पण जे प्रेम गाडी जाताना उफाळून येते, ते ती आजारी असताना कोठे असते?

कलकत्त्याचे उदाहरण ताजे आहे. तेथील ट्रामला २०२३ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली. मोठा उत्सव झाला, सजविलेल्या गाड्या निघाल्या. आणि २०२४ च्या सप्टेंबरात तेथील सरकारने जाहीर केले की, हौशी लोकांसाठी मैदानातला एक लहानसा मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करण्यात येईल! वाढदिवसाचे पेढे वाटून झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच उत्तरक्रियेची तयारी! मुंबईच्या बसच्या शताब्दीवर ही पाळी येऊ नये म्हणूनच आम्ही हे लिहीत आहोत.

ही भीती निराधार नाही. दीड दशकापूर्वी बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. आज ती संख्या तीन हजारांच्याही खाली आली आहे. आणि त्यांतही बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर येऊन ठेपल्या आहेत. बाकीच्या ठेकेदारांच्या आहेत. २०१९ साली कामगार संघटनेशी झालेल्या करारात ३३३७ गाड्यांचा स्वतःचा ताफा कायम राखण्याचे मान्य करण्यात आले होते. त्या वचनाचे पुढे काय झाले, ते थांब्यावर उभा असलेला कोणीही सांगेल. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ठेकेदारांकडच्या चालकांनी काम बंद केले, तेव्हा आपली म्हणून जी बस आपण समजत होतो, ती किती परस्वाधीन झाली आहे हे मुंबईकरांना कळून चुकले. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात एका भाड्याच्या बसने माणसे चिरडली, तेव्हा चालकाला त्या नव्या गाडीचे पुरेसे शिक्षण मिळाले होते काय, हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. आणि ९ मे २०२५ पासून किमान भाडे साध्या गाडीत पाचाचे दहा व वातानुकूलित गाडीत सहाचे बारा रुपये झाले. १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली ती तारीखही ९ मे हीच होती! दुप्पट भाडे देण्यास मुंबईकर एक वेळ तयार होईल. पण दुप्पट भाडे देऊन दुप्पट वेळ उभे राहण्यास त्याने का तयार व्हावे?

तर मग शताब्दी कशी साजरी करावी? टीका करून स्वस्थ बसणे आम्हाला मान्य नाही. म्हणून काही सूचना आम्ही महापालिकेच्या आणि बेस्टच्या कारभाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

पहिली सूचना कर्जफेडीची. सत्काराच्या शाली विकत घेण्यापूर्वी निवृत्त चालक, वाहक आणि कारखान्यातले कामगार ह्यांची ग्रॅच्युइटीची थकलेली रक्कम चुकती करावी. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे ह्या शहराला कामावर नेले आणि रात्री घरी आणून सोडले, त्यांना स्वतःच्या हक्काच्या पैशासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. हा प्रश्न मिटला नाही तोवर व्यासपीठावरचा कोणताही सत्कार त्यांची थट्टाच ठरेल.

दुसरी सूचना गाड्यांची. शताब्दी वर्षाच्या नावाने बेस्टने स्वतःच्या मालकीच्या, स्वतःच्या चालक-वाहकांनी चालविलेल्या नव्या गाड्या घ्याव्यात, आणि त्या किती व केव्हा येणार ह्याचा हिशेब महिन्यागणिक वर्तमानपत्रांतून जाहीर करावा. पहिली गाडी ज्या दिवशी रस्त्यावर येईल त्या दिवशी खुशाल हार घाला, नारळ फोडा, सनई वाजवा! जाणाऱ्या बसला हार घालण्याची आपली सवय मोडून येणाऱ्या बसला हार घालण्याची सवय आपण एकदा लावून घेऊ या.

तिसरी सूचना थांब्यांची. प्रत्येक थांब्यावर मराठीत, ठळक देवनागरी अंकांत, कोणती बस किती वाजता येते आणि कोठे जाते हे लिहिलेले असावे. हातातल्या यंत्रात सारे दिसते असे सांगण्यात येते. परंतु ज्या आजीबाई नातवाला घेऊन इस्पितळात निघाल्या आहेत, त्यांना यंत्र नको, वेळ हवी. वेळापत्रक भिंतीवर लावणे म्हणजे जनतेला लेखी वचन देणे होय. वचन मोडले तर कोणीही बोट ठेवून दाखवू शकतो, म्हणूनच कारभारी ते लावण्यास धजत नाहीत, असा आम्हाला संशय आहे.

चौथी सूचना रस्त्याची. मुंबईत आज चाळीस लाखांहून अधिक वाहनांची नोंद आहे. एका मोटारीत बहुधा एक माणूस बसलेला असतो आणि साठ माणसांची बस तिच्यामागे रखडत असते. निदान काही प्रमुख रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ एक पट्टा केवळ बससाठी राखून ठेवावा. ह्याला नव्या पुलाएवढा खर्च येत नाही; लागते ती केवळ हिंमत. माझगाववरून ईस्टर्न फ्रीवे जातो. २०१३ पासून चेंबूरच्या मोटारी वरून भरधाव जात आहेत, आणि खाली डॉकयार्ड रोडवर बसचा उतारू घड्याळ पाहत उभा आहे. पूल बांधावयास आमची हरकत नव्हती. पुलाखालच्या माणसाला विसरण्यास आहे.

पाचवी सूचना स्मरणाची. बेस्टचे एक संग्रहालय आणिक आगारात आहे. तेथे ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे आणि यंत्रे जपून ठेवलेली आहेत. पण किती मुंबईकर तेथवर जातात? ते संग्रहालय वर्षभर एका बसमध्ये मांडून शहरभर फिरवावे, शाळांच्या दारी न्यावे. माझगावात भंडारवाड्याच्या टेकडीवर जे उद्यान आहे त्याला जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टांचे नाव आहे. म्हातारपाखाडीत जन्मलेले, लोकमान्यांचे सहकारी आणि कामगारांचे कैवारी असे हे बाप्टिस्टा १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते. त्या टेकडीच्या पायथ्याशी ट्रॉलीबसची, कसाऱ्याच्या वीजकेंद्राची आणि ते चालविणाऱ्या अनाम कामगारांची आठवण सांगणारा एक साधा शिलालेख बसवावा. जुन्या वाहकांच्या आणि चालकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. हे काम आता केले नाही तर पुढे करावयास माणसेच राहणार नाहीत.

सहावी आणि शेवटची सूचना कारभाऱ्यांना थोडी जड वाटेल. शताब्दी वर्षात दर महिन्याचा एक दिवस महापौर, आयुक्त, बेस्टचे महाव्यवस्थापक आणि झाडून सारे नगरसेवक ह्यांनी घरापासून कचेरीपर्यंत बसने यावे. आधी वर्दी न देता, रांगेत उभे राहून, तिकिटाचे पैसे मोजून यावे. शंभर अहवालांनी जे ज्ञान होणार नाही, ते ह्या बारा दिवसांत त्यांना होईल अशी आमची खात्री आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आता मेट्रो आली. बसचे दिवस संपले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाली, ह्याचा आम्हालाही आनंद आहे. पण ती गिरगावातून जाते, वरळीतून जाते. माझगावला तिचे स्थानक नाही. ताडवाडीच्या, अंजीरवाडीच्या माणसाने त्या स्थानकापर्यंत पोहोचावे कशाने? मेट्रो हा पाठीचा कणा असेल, पण हातापायांना रक्त पुरविणाऱ्या शिरा बसच्याच आहेत. दारापासून स्थानकापर्यंत बस नसेल, तर हजारो कोटींची मेट्रोही मोटारवाल्यांना मोटार सोडावयास लावू शकणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. बेस्ट तोट्यात आहे, हे खरे. एके काळी कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या वीजपुरवठ्यात जे मिळत असे त्यातून बसची तूट भरून निघे. कायदे आणि नियम बदलले आणि तो मार्ग बंद झाला. परंतु तोटा हा शब्द बसच्याच वाट्याला का येतो? सागरी रस्त्याचा तोटा कोणी मोजीत नाही. उड्डाणपुलाच्या तिकिटाचा हिशेब कोणी मागत नाही. रस्ता, पाणी, दिवाबत्ती ह्यांवर महापालिका करते तो ‘खर्च’, आणि रोज वीस लाखांहून अधिक माणसांना पोटापाण्याच्या जागी नेण्यासाठी करते तो ‘तोटा’! ही भाषाच बदलली पाहिजे. तूट भरून काढण्यासाठी आगारांच्या मोक्याच्या जमिनींवर इमारती उठविण्याच्या योजना वारंवार पुढे येतात. त्यांविषयी आम्ही सावधगिरीचा इशारा देऊ इच्छितो. शेतकऱ्याने अडचणीच्या वर्षी बैल विकावा हे समजू शकते. परंतु जमीन विकली तर पुढे बैल आणून तो बांधणार कोठे?

कोणी म्हणतील, लंडनमध्येही बसगाड्या खाजगी कंपन्याच चालवितात. चालवितात, पण मार्ग कोणता, गाड्या किती मिनिटांनी, भाडे किती, हे तेथील सार्वजनिक संस्था ठरविते आणि कामात कसूर झाली तर कंपनीचा पैसा कापते. त्याच लंडनने २०१४ हे वर्ष ‘बसचे वर्ष’ म्हणून साजरे केले, ते धावत्या बसगाड्यांनी भरलेल्या रस्त्यांवर. ठेका असो वा मालकी असो, बस आली नाही तर जाब कोणाला विचारावयाचा, हे उतारूला ठाऊक असले पाहिजे. मुंबईत आज वाहक महापालिकेकडे बोट दाखवितो, महापालिका बेस्टकडे, बेस्ट ठेकेदाराकडे. आणि ठेकेदार तर कोणाच्या दृष्टीसच पडत नाही.

मुंबईकरांनो, ह्या संस्थेचे मालक तुम्ही आहात. ७ ऑगस्ट १९४७ पासून आहात. मालकाने समारंभाला टाळ्या वाजवून घरी जावयाचे नसते. हिशेब मागावयाचा असतो. शताब्दीच्या निमित्ताने आपापल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: आमच्या थांब्यावर शताब्दी वर्षाच्या आरंभी किती गाड्या येत होत्या आणि अखेरीस किती येतात? हा आकडा वाढला असेल तर शताब्दी साजरी झाली असे आम्ही समजू, मग एक पणतीसुद्धा लागली नसली तरी चालेल. तो घटला असेल, तर आकाशात कितीही दारूकाम उडाले तरी त्या उजेडात दिसेल तो रिकामा थांबाच. पुढच्या शतकाच्या प्रवाशाला आपण बस देणार आहोत की बसची स्मरणिका, ह्याचा निकाल ह्याच वर्षात लागावयाचा आहे.